आरती थांबते, तक्रार आधी

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात हरिपाठानंतर केलेलं भाषण. बोललं तसंच उतरवून घेतलं आहे.)





शाल-नारळ झाले, हार झाले. आता कमिटीनं मला अर्धा तास दिलाय आणि एक विषय कागदावर लिहून दिलाय. "विचारस्वातंत्र्य आणि आपलं मत मांडण्याचं धाडस." शब्द जड आहेत. मी ते तीनदा वाचले. मग कागद घडी करून खिशात घातला, कारण हा विषय कागदावर शोधायची गरज नाही. तो आपण दरवर्षी आषाढात रोज संध्याकाळी डोळ्यांनी बघतो. फक्त त्याला हे नाव आहे हे आपल्याला ठाऊक नव्हतं.

समाज आरती म्हणतोय मी.

माऊलींची पालखी मुक्कामाच्या तळावर येते. दिवसभर चालून पाय भरलेले असतात. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा असा गजर चालतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला दंड वर करतात, आणि "हो" अशी आरोळी देतात. त्या एका आरोळीसरशी सगळं गप्प. हजारो टाळ एकाच वेळी थांबतात. लहान पोर रडलं तरी पलीकडं ऐकू जाईल अशी शांतता.

पण कधी कधी एक दिंडी थांबत नाही. सगळे गप्प, आणि त्यांचे टाळ चालूच. नवीन माणसाला वाटतं, यांना ऐकू आलं नाही का? चोपदारांचा अपमान करतात का? तसं नसतं. त्या दिंडीची तक्रार आहे. कुणी चालीत मधी घुसलं असंल, तळावर जागा मिळाली नसंल, पाण्याचा टँकर पोचला नसंल, कुणी वावगं बोललं असंल. त्यांना ते सांगायचंय, म्हणून ते टाळ वाजवत राहतात. मग चोपदार काय करतात? त्यांना हाक मारून पुढं बोलावत नाहीत. स्वतः त्या दिंडीपाशी चालत जातात. तक्रार ऐकतात. तिथं तिचा निकाल लावतात. मग ते टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्याच्या वस्तू सांगतात, उद्या कधी निघायचं ते सांगतात, आणि त्यानंतर माऊलींची आरती होते.

बघा हं. आरती थांबलेली आहे. पालखीत ज्ञानोबारायांच्या पादुका आहेत, लाखो माणूस हात जोडून उभं आहे, आणि सगळं कुणासाठी थांबलंय? एका दिंडीच्या गाऱ्हाण्यासाठी. त्या दिंडीत पन्नास माणसं असतील नाहीतर पाचशे. कुणी म्हणत नाही की तुमचं राहू द्या, आधी देवाचं होऊ द्या. आपल्याकडं आधी तक्रार, मग आरती.

आणि आणखी एक गोष्ट. टाळ वाजवणारी दिंडी आपल्या जागेवर उभी असते. आपल्या पताकेखाली, आपल्या नंबरावर, सगळ्यांदेखत. अंधारात लपून दगड मारावा तशी तक्रार नसते ती. हल्ली रात्री मोबाईलवर नाव न घालता कुणाविषयी काहीबाही लिहून पाठवतात आणि सकाळी तोंडावर रामकृष्णहरि म्हणतात, त्याला धाडस म्हणायचं नाही. आणि टाळ हातात धरून मुंडी खाली घालून उभं राहणं, त्यालाही भक्ती म्हणायची नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही तर व्यवस्थेची गोष्ट झाली. मोठ्या विचाराचं काय? देवाधर्माविषयी आपलं वेगळं मत सांगायचं असेल तर?

तर आपली गाथा उघडा. जनाबाई विठ्ठलाला सरळ शिव्या देते. साध्या नव्हे, बाईमाणूस चिडून जशा देतं तशा. मुक्ताबाई सगळ्यांत धाकटी. थोरला भाऊ रुसून ताटी लावून बसला, आणि भाऊ म्हणजे कोण, तर ज्ञानेश्वर. तरी ती दाराशी उभी राहून त्याला चार गोष्टी ऐकवते, ते ताटीचे अभंग आपण आजही म्हणतो. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा तर देवालाच जाब विचारतो की आम्हाला अशा जन्माला घालून तू काय मिळवलंस. बापानं गोड बोलून मागितलं, पोरानं हिशोब मागितला. दोघंही संत. दोघांचेही अभंग एकाच गाथ्यात. आमच्या पूर्वजांनी असं केलं नाही की गोड तेवढं ठेवा आणि कडू ते गाळा. गव्हाबरोबर मिरचीही कणगीत राखून ठेवली.

तुकोबारायांचं तर काय सांगावं. इंद्रायणीत दोनदा कागद बुडाले हे तुम्हाला माहीतच आहे, पण दोन्ही एकापुढं एक ठेवून बघा. पहिल्यांदा बुडाली ती कर्जखतं. घरात सावकारी होती, लोकांकडं येणं होतं. दुष्काळात माणसं मेली, घरातली मेली. तुकोबांनी धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याची निम्मी खतं दिली आणि आपल्या वाट्याची निम्मी नदीत सोडली. ती स्वतःच्या हातानं सोडली, आणि ती वर आली नाहीत. कुणाला वर यावीत असं वाटलंही नाही. दुसऱ्यांदा बुडाले ते अभंग. ते दुसऱ्याच्या हुकमानं बुडाले. वाघोलीचे रामेश्वर भट्ट मोठे विद्वान. त्यांचं म्हणणं, हा शूद्र, यानं वेदाचा अर्थ प्राकृतात सांगायचा नाही. तुकोबा नदीकाठी शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्याशिवाय बसून राहिले. आणि वह्या तरल्या.

कुणी म्हणतं पाण्यावर तरल्या. कुणी म्हणतं लोकांच्या तोंडी होत्या म्हणून तरल्या, गावोगावी पाठ होत्या, त्या कशा बुडणार. त्यावरून भांडणारी माणसं मी बघितली आहेत. मला दोन्ही पटतं. मी फक्त एवढं विचारतो की ज्याला आपला शब्द खोटा वाटतो तो तेरा दिवस दगडावर बसतो का?

पण आज मला तुकोबांपेक्षा रामेश्वर भट्टांविषयी जास्त बोलायचंय. आपण कीर्तनकार त्यांना खलनायक करून सोडून देतो. ऐकणारे टाळ्या वाजवतात, संपलं. पुढचं सांगतच नाही. तेच रामेश्वर भट्ट पुढं तुकोबांपाशी आले आणि पायावर डोकं ठेवलं. गुपचूप नाही आले. उघड आले. ज्यांच्यासमोर विरोध केला त्यांच्याच समोर मान वाकवली. अहो, त्या काळी विद्वान ब्राह्मणानं कुणब्याच्या पायाशी जायचं म्हणजे आपली सगळी जात, सगळी वट पणाला लावणं. आणि तुकोबांनी काय केलं? दार लावून घेतलं नाही. जवळ केलं. आपण रोज रात्री तुकोबांची जी आरती म्हणतो ती कुणाची आहे? रामेश्वर भट्टांची. शेवटी त्यांचं नाव येतं बघा. ज्यानं वह्या बुडवायला लावल्या त्याचीच आरती आपण म्हणतो.

माझं मत असं आहे की आपलं मत बोलून दाखवायला जेवढी छाती लागते, तेवढीच ते चारचौघांत बदलायला लागते. कदाचित जास्त. गावात बघा ना. बांधावरून भांडण झालं, मोजणी झाली, दगड निघाला, कळलं की आपलंच चुकलं होतं. तरी तीस वर्षं बोलत नाहीत. जमिनीच्या चार फुटासाठी नव्हे, 'मी म्हणालो होतो' या चार अक्षरांसाठी.

तुकोबांचा एक अभंग आहे, तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, संकोच करून गप्प बसण्यात आपलं हित नाही अशा अर्थाचा. तो अभंग किती लांब गेला बघा. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' नावाचं पत्र काढलं. ज्यांना वाचा नव्हती त्यांचं पत्र. त्याच्या वरच्या बाजूला हाच अभंग छापला. पुढं 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत' काढलं, त्याच्यावर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. आपण ज्ञानोबा-तुकाराम म्हणत चालत होतो आणि तिकडं तेच दोघं त्या पत्रांच्या माथ्यावर उभे होते. हे मला खूप उशिरा कळलं, एका मास्तरांनी सांगितलं. तेव्हापासून मी कीर्तनात सांगतो. काहींना आवडतं, काही खाली बघतात.

बहिणाबाईंचं सांगतो. आमच्या खानदेशच्या बहिणाबाई नव्हे, शिऊरच्या, तुकोबांच्या शिष्या. देवगावचा जन्म, ब्राह्मणाची लेक, नवरा वयानं फार मोठा आणि विद्येचा अभिमान असलेला. कोल्हापुरात असताना जयराम स्वामींच्या कीर्तनात तिनं तुकोबांचे अभंग ऐकले. तुकोबांना कधी बघितलेलं नाही. तरी मनानं ठरवलं, हेच माझे गुरू. नवऱ्याचा संताप झाला. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्राला गुरू करायचं? मारलं. बांधून ठेवलं. हे मी म्हणत नाही, तिनं स्वतः आपल्या अभंगांत लिहून ठेवलंय. त्या काळी बाई आपलं चरित्र आपण लिहिते ही केवढी गोष्ट. आता बघा, तिला बोलायला सभा नव्हती, व्यासपीठ नव्हतं. हात बांधलेले. पण मनात कुणाला गुरू मानायचं हे नवऱ्याला बांधता आलं नाही. पुढं त्याचं मन फिरलं आणि तोच तिला घेऊन देहूला आला. म्हणजे इथंही पुन्हा तेच. एक न बदलणारी, आणि एक बदलणारा.

आता जरा आम्हा कीर्तनकारांचं बोलू. दुसऱ्यांचं सांगणं सोपं असतं.

तुकोबांनी कीर्तनकाराला एक नियम घालून दिलाय. ज्या गावी हरिकथा करशील तिथलं जेवण घेऊ नको, पैसा घेऊ नको. लोकांना वाटतं हा वैराग्याचा नियम आहे. असेल. पण मला शेतकरी म्हणून दुसरंच दिसतं. सालगड्याला मालकाच्या तोंडावर बोलता येतं का? ज्याचं खातो त्याचं मिंधं व्हावं लागतं. कीर्तनकार यजमानाच्या घरी पुरणपोळी खाऊन, पाकीट खिशात घालून उभा राहिला की त्याची जीभ आपोआप जड होते. मग तो कशावर बोलतो? सुनांवर. पोरींच्या कपड्यांवर. जे समोर उत्तर देऊ शकत नाहीत त्यांच्यावर. आणि यजमान पहिल्या रांगेत बसून हसतो. तो नियम जिभेच्या स्वातंत्र्यासाठी आहे, असं माझं म्हणणं आहे. बिदागीची मोठी रक्कम आधी ठरवून घेणारी मंडळी आहेत, त्यांना हे आवडणार नाही. नको आवडू दे.

एका गावच्या सप्ताहात मला सहाव्या दिवसाचं कीर्तन होतं. गावाचं नाव घेत नाही. त्या दिवसाच्या अन्नदानाचे जे यजमान होते, त्यांच्या मुलाचं लग्न नुकतंच झालं होतं, आणि मुलीच्या बापानं हुंड्यासाठी एक एकर काळी जमीन विकलेली होती. सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. मी निरूपणात नाव न घेता बोललो की लेकीच्या बापाला रडवून आणलेल्या पैशाची पंगत पांडुरंगाला पोचत नाही. मंडप गार पडला. टाळकऱ्यांनी चाल धरली ती सुद्धा दबकत. कीर्तन संपल्यावर नेहमी पाया पडायला गर्दी होते, त्या दिवशी दोन म्हाताऱ्या तेवढ्या आल्या. मी तिथं जेवणार नव्हतोच. फटफटीवर बसून रात्रीच घरी आलो. त्या गावानं मला पुन्हा बोलावलं नाही. सोळा वर्षं झाली. हुंडा थांबला का? मला माहिती नाही. पण त्यांचं अन्न माझ्या पोटात असतं तर ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं नसतं, हे मला नक्की माहिती आहे.

बोलायचं कधी यालाही शहाणपण लागतं, ते नाकारत नाही मी. आपण पेरणीला वाफसा बघतो. रान चिखल असताना पाभर घातली तर ढेकळं होतात, सुकल्यावर घातली तर उगवत नाही. तसं माणसाचंही असतं. भर मयतीत कुणाची उणीदुणी काढायची नाहीत. पण काही लोक आयुष्यभर वाफसाच बघत बसतात. आज नको, सणाचं आहे. उद्या नको, पाहुणे आहेत. असं करत हंगाम निघून जातो.

आता पंढरपूरच्या दाराची गोष्ट, कारण ती आपल्या दिंडीच्या अंगावर येऊन गेलेली आहे.

चोखोबाराय मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली गेले ते 1338 साली. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. जिवंतपणी दाराबाहेर, गेल्यावरही दाराबाहेर. आणि त्यांच्यामागं त्यांची माणसं तिथूनच हात जोडून परत जात होती. किती वर्षं? 1947 पर्यंत. मोजा, सहाशे नऊ वर्षं. आपण सगळे त्यांच्या समाधीला हात लावून, त्यांचे अभंग म्हणत आत जात होतो.

साने गुरुजी कोकणातले, पालगडचे. 'श्यामची आई' लिहिणारे. अतिशय हळवा माणूस, बोलता बोलता डोळ्यांत पाणी येणारा. अशा माणसानं ठरवलं की विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडत नाही तोवर मी अन्न घेणार नाही. 1946 च्या कार्तिकीलाच बसणार होते. सेनापती बापटांसारख्या जाणत्यांनी सांगितलं, आधी लोकांना समजावू, मग बसा. गुरुजींनी ऐकलं. काही महिने महाराष्ट्रभर हिंडले, संगं सेनापती बापट, सेवादलाचं कलापथक. गावोगावची देवळं, विहिरी उघडल्या. पण पंढरपूर उघडेना. मग 1 मे 1947 ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात ते उपोषणाला बसले. तनपुरे महाराज वारकरी. आपल्याच माणसांचा रोष पत्करून त्यांनी जागा दिली. बोलणाऱ्याला बसायला सतरंजी टाकून देणं हेसुद्धा धाडसाचंच काम असतं. त्यांचंही नाव घेतलं पाहिजे.

बडव्यांचा विरोध होता ते तर ठाऊकच आहे. पण विरोध करणाऱ्यांत वारकरीही होते, माळकरी होते, मोठमोठे महाराज होते. हे आपण कीर्तनात सांगत नाही. आणि खुद्द महात्मा गांधींनाही ते उपोषण मान्य नव्हतं. उपोषण सोडा असा त्यांचा निरोप आला. गुरुजींसाठी गांधीजी म्हणजे केवढे, शब्द खाली पडू द्यायचा नाही अशी श्रद्धा. शत्रूला 'नाही' म्हणणं सोपं असतं हो, त्यात अंगात वीरश्री असते. ज्याच्या पायावर डोकं ठेवलं त्याला हात जोडून 'नाही' म्हणायचं, आणि तरी मनात त्याच्याविषयी कडवटपणा येऊ द्यायचा नाही, ही खरी कसोटी. गुरुजींनी उपोषण सोडलं नाही. शेवटी दादासाहेब मावळणकर मध्ये पडले, बोलणी झाली, आणि 10 मेला उपोषण सुटलं. दार सगळ्यांना उघडायचा मार्ग झाला.

आपली दिंडी तेव्हा वीस-बावीस वर्षांची. माझे वडील तरणे होते, टाळ धरायचे. ते सांगायचे, देऊळ खुलं झाल्यावर जी वारी आली त्यात आपल्या दिंडीत उभी फूट पडली. निम्मे म्हणाले, आता देव बाटला, आत जायचं नाही, कळसाचं दर्शन घेऊन परत. तळावर रात्री बैठक बसली. मोठी माणसं बोलली, बाकीची गप्प. मग पाठीमागच्या ओळीतला एक म्हातारा टाळकरी उठला. अडाणी, सही येत नव्हती. तो म्हणाला, "चोख्याचा अभंग म्हणायचा आन् त्याच्या लेकराला बघून दारातनं मागं फिरायचं, हे मला जमत न्हाई. मी उद्या जाणार. ज्याला यायचं त्यानं या." त्याच्या संगं दोघं गेले. तिघंच. परत आल्यावर त्यांना पंगतीत घेतलं नाही. पुढल्या वारीलाही आपल्या दिंडीत दोन पंगती बसायच्या, एक मोठी आणि एक तिघांची. मग तिघांचे नऊ झाले, नवाचे वीस, आणि एका वर्षी कुणी काही न बोलता पंगत एक झाली. वडील म्हणायचे, कुणी माफी मागितली नाही, कुणी मागायला लावली नाही. वाढप्यानं पत्रावळी सलग मांडल्या, बस्स.

आता शताब्दीचा अंक निघतोय. जुन्या माणसांचे फोटो गोळा करताय, चांगलं आहे. त्या तिघांचे फोटो नाहीत, काढलेच नव्हते. नावं मी कमिटीला लिहून दिली आहेत. कमिटीतल्या एकानं मला म्हटलं, "महाराज, आनंदाच्या अंकात दोन पंगतींचं कशाला?" मी त्यांना म्हणालो आणि इथंही म्हणतो, फुलं तेवढी छापून झाड समजत नाही. दोन पंगती झाल्या तेही छापा आणि एक झाली तेही छापा. मला वाटतं शंभर वर्षांत आपल्या दिंडीनं केलेलं ते सगळ्यांत मोठं काम आहे. मंडप, भांडी, ट्रक, सगळं त्याच्या मागं.

शेवटचं बोलतो, आणि ते अवघड आहे. समोर बसलेल्या निम्म्या लोकांना ते पटणार नाही, हे माहीत असूनच बोलतो.

गेल्या वर्षीच्या सप्ताहाच्या बैठकीत आपल्यातल्याच एका सुनेनं विचारलं. अठरा वर्षं ती वारी चालते, हरिपाठ तोंडपाठ, आवाज गोड. तिनं विचारलं की वीणेचा पहारा बायांना का नाही? आम्ही पहाटे तीनला उठून पाणी तापवतो, वीणेच्या पहाऱ्याला उभ्या राहू शकत नाही का? बैठकीत कुणी बोललं नाही. मग एक वडीलधारे म्हणाले, "प्रथा नाही." आणि विषय चहावर गेला. मी त्या दिवशी तापानं घरी अंथरुणावर होतो, हे मला मागून कळलं. म्हणून आज बोलतो.

प्रथा नाही, हे खरं आहे. आणि जे नको म्हणतात ते वाईट माणसं नाहीत. त्यांतले एक माझे गुरुबंधू आहेत, त्यांनीच मला पहिल्यांदा चाल शिकवली. त्यांचं म्हणणं आहे की वीणा ही फडाची गादी आहे, शंभर वर्षं ती ज्या नियमानं चालली त्यानंच चालावी, आज एक नियम ढिला केला की उद्या सगळंच सैल होईल. या म्हणण्यात वजन आहे. पोरखेळ नाही तो.

पण मी त्यांना विचारतो, आणि भाऊ, तुम्ही समोर बसलाय म्हणून तोंडावर विचारतो. त्या वीणेवर आपण जनाबाई गातो. मुक्ताबाई गातो. कान्होपात्रा, सोयराबाई, बहिणाबाई गातो. विटाळाचा सवाल तर सोयराबाईनं सहाशेहून जास्त वर्षांपूर्वीच विचारून ठेवलाय, त्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. बाईचा अभंग वीणेला चालतो, मग बाईचा हात का चालू नये? माझं मत आहे की चालावा. येत्या सप्ताहात पहिल्या रात्रीपासून चालावा. हे माझं मत. फडाचं मत तुम्ही सगळे मिळून ठरवाल, ते माझ्याविरुद्ध गेलं तर मी दिंडी सोडणार नाही, रुसून वेगळी पताका लावणार नाही. पण टाळही थांबवणार नाही.

उद्या काल्याचं कीर्तन आहे, मग महाप्रसाद. त्यानंतर दुपारी तीन वाजता देवळाच्या ओवरीत बैठक ठेवली आहे, अध्यक्षांनी मान्यता दिली आहे. ती सूनबाई येणार आहे, स्वतः बोलणार आहे. ज्यांना नको वाटतं त्यांनी जरूर या, घरी बसून कुजबुजू नका, येऊन बोला. माझे गुरुबंधू पहिले बोलतील, मी त्यांच्या नंतर. बायकांनी पाठीमागं न बसता एका बाजूला पुढं बसावं, म्हणजे आवाज ऐकू येईल. कुणाला मधेच तोडायचं नाही. चोपदार दंड घेऊन उभे राहतील, त्यांना मी सांगून ठेवलंय. निकाल लागेपर्यंत उद्याची संध्याकाळची आरती थांबेल. उशीर झाला तर पांडुरंग समजून घेईल, अठ्ठावीस युगं उभाच आहे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम, पंढरीनाथ महाराज की जय.